पुणें शहराच्या इतिहासाचीं पुस्तकें व त्यांचें प्रामाण्य

पुण्याच्या इतिहासावरील चांगलीं पुस्तकें कोणतीं, आणि आपल्या गांवाविषयीं त्यांत कांहीं सांपडेल काय, असा प्रश्न आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस मध्यंतरीं केला. वरवंड येथें श्रीतुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम असतो. त्या निमित्तानें गांवाची एक लहानशी स्मरणिका काढावी व तींत पुण्याशीं गांवाचा असलेला पूर्वापार संबंध दाखवावा, असा तेथील तरुण मंडळीचा विचार होता. प्रश्न साधा होता, व आम्हींहि उत्तर साध्याच रीतीनें दिलें. म्हणजे आठ-दहा पुस्तकांचीं नांवें एका कागदावर लिहून दिलीं. महिन्याभरानें स्मरणिकेचा कच्चा मजकूर आमच्या हातीं आला, तेव्हां त्या यादीचें फळ आमच्यापुढें उभें राहिलें. मजकुरांत चुका बऱ्याच होत्या. आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक आमच्याच नांवावर नोंदलेली होती. ती कोणती हें पुढें सांगूं. परंतु तेव्हांपासून आमची अशी खात्री झाली आहे कीं, स्थानिक इतिहासाच्या जिज्ञासूस पुस्तकांची नुसती यादी देणें म्हणजे औषधांचीं नांवें सांगून मात्रा न सांगण्यासारखें आहे.

आमच्या शास्त्रग्रंथांत आरंभींच अनुबंधचतुष्टय सांगण्याची चाल आहे. ग्रंथाचा विषय कोणता, प्रयोजन कोणतें, त्या दोहोंचा ग्रंथाशीं संबंध कसा, आणि अधिकारी कोण, हे चार प्रश्न सुटल्यावांचून पुढें जाऊं नये असा तो दंडक. शहराच्या इतिहासावरील पुस्तकें वाचतांना हा दंडक आम्ही सर्रास विसरतों. पुस्तक कोणी, कोणाकरितां, कोणत्या साधनांवरून लिहिलें हें न पाहतां त्यांतील वाक्य उचलतों. तें वाक्य दुसरा आमच्यापासून उचलतो. आणि तिसऱ्या ठिकाणीं तें सिद्धान्त म्हणून छापलें जातें. यासच अंधपरंपरान्याय म्हणतात. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं मूळास सोडून कांहीं लिहिणार नाहीं अशी प्रतिज्ञा केली आहे. काव्याच्या टीकाकारास जें बंधन वाटलें तें गांवाच्या इतिहासकारास वाटूं नये, हें नवल होय. या दृष्टीनें पुण्यावरील प्रमुख पुस्तकांचें तारतम्य पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पुण्याचें मराठींतील पहिलें उल्लेखनीय स्वतंत्र वर्णन म्हणजे नारायण विष्णु जोशी यांचें 'पुणें शहराचें वर्णन' (इ. स. १८६८). पेशवाई बुडून त्या वेळीं अवघीं पन्नास वर्षें लोटलीं होतीं. शनिवारवाड्यास १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेली आग ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली असे लोक तेव्हां हयात असले पाहिजेत. म्हणून या पुस्तकाचें बळ तें प्रत्यक्ष व निकटश्रुत यांचें आहे. लंडन शहराविषयीं जॉन स्टो यानें १५९८ सालीं केलेली पाहणी अद्यापि वाचली जाते, ती तो वस्ती-वस्तीतून स्वतः हिंडला म्हणूनच. जोशांचें पुस्तक त्याच जातीचें होय. लेखकाच्या स्वतःच्या काळांतलें पुणें पाहावयाचें असेल तर त्यास तोड नाहीं. मात्र शंभर-दीडशें वर्षांमागील गोष्टीस तें एकटें प्रमाण मानूं नये.

यानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड. कँबेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८५ सालीं तीन भागांत निघालेला हा ग्रंथ पुणें जिल्ह्याच्या प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशीं असावयास हवा. आतां राज्याच्या दर्शनिका विभागानें तो सर्वांस घरबसल्या वाचतां येईल असा केला आहे. शेती, पाणी, व्यापार, जमाबंदी, गांवें, देवळें असा एकहि विषय त्यांत सुटलेला नाहीं. पण त्याचा अधिकारी कोण हें विसरूं नये. तो राज्यकारभाराच्या सोयीसाठीं सिद्ध झाला. माहिती कामगारांनीं जमविली. जातींच्या वर्णनांत एकेका समाजास चार विशेषणांत बसवून टाकण्याची जी खोड दिसते ती त्या दृष्टीचाच परिणाम होय. आंकडे, स्थळें व तारखा यांसाठीं तो घ्यावा. लोकांच्या स्वभावासंबंधीं त्याचें मत हें त्या काळच्या अंमलदारांचें मत म्हणून घ्यावें. याच जिल्ह्याची सुधारलेली आवृत्ति १९५४ सालीं निघाली. ती जुन्या खंडाची जागा घेत नाहीं. दोन्ही शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे सत्तर वर्षांत काय पालटलें तें समजतें.

गॅझेटिअर उघडून "आमच्या तालुक्याचें नांवच नाहीं" अशी तक्रार विद्यार्थी करतात. नांव असतें, वाचणाऱ्यास तें ओळखतां येत नाहीं. दौंड हा तालुका म्हणून शोधूं गेल्यास निराशा होईल. आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेश जुन्या कागदांत भीमथडी या नांवाखालीं पाहावा लागतो. तट्टांमुळें जें नांव महाराष्ट्रभर गाजलें तें आज तालुक्यांच्या यादींत उरलें नाहीं, इतकेंच. इंग्रजी लेखनांत दौंडाचें 'ढोंड', शिरूरचें 'सिरूर', पुण्याचें 'पूना' झालेलें आहे. उलट, नांव जुळलें म्हणून गांव जुळलें असेंहि नव्हे. खुर्द-बुद्रुक यांची गल्लत तर रोजचीच. वरवंडीसारखें मिळतें नांव राहुरीकडेहि आहे. नांवाच्या साम्यानें किती फसगत होते याचा दाखला आमच्याच पदरीं आहे, व तो आतां सांगतों.

टॉमस कोट्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें पेशवाई बुडाल्यावर लवकरच पुण्याजवळच्या 'लोणी' गांवाचा सविस्तर वृत्तांत लिहिला. तो मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहांत १८२३ सालीं छापला गेला. दख्खनच्या एका खेड्याची घरें, शेतें, कर्जें, खाणेंपिणें यांची इतकी बारीक पाहणी त्यापूर्वीं झालेली आमच्या वाचनांत नाहीं. या वृत्तांताचा उल्लेख आम्हीं तरुणपणीं एका दुय्यम पुस्तकांत वाचला. वरवंडच्या माणसास लोणी म्हटलें म्हणजे एकच लोणी ठाऊक : सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर, जेथें मुक्काम करून पालखी यवतेस व तेथून वरवंडास येते. मूळ लेख न पाहतां आम्हीं तें लोणी हेंच असें धरलें, आणि पुढें नोकरी संपेपर्यंत वर्गांत तसेंच शिकविलें. स्मरणिकेच्या मजकुरांत एक वाक्य होतें कीं, आमच्या पालखीच्या वाटेवरील लोणी काळभोर या गांवाची पाहणी दोनशें वर्षांपूर्वीं एका इंग्रजानें केली. आणि पुढें आधार म्हणून आमचें नांव. वस्तुतः समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनीं १९६० सालीं कोट्सच्या पाहणीचा धागा धरून ज्या गांवावर संबंध पुस्तक लिहिलें तें नगर रस्त्यावरील लोणीकंद होय. तें पुस्तक आम्हीं निवृत्तीनंतर वाचलें, मनांत चूक दुरुस्त केली, व स्वस्थ बसलों. ज्यांस चुकीचें शिकविलें त्यांस पत्र धाडण्याचें सुचलें नाहीं. शिक्षकाचा शब्द विद्यार्थी आप्तवाक्य म्हणून स्वीकारतो. म्हणून त्याची चूक त्याच्यापुरती राहत नाहीं. मजकूर छापखान्यांत जाण्यापूर्वीं तें वाक्य आम्हीं काढविलें व त्याचें कारण सर्व मंडळीस समक्ष सांगितलें. या लेखाचाहि अर्धा हेतु तोच आहे.

आतां पुन्हां शहराकडे वळूं. रावबहादुर द. ब. पारसनीस यांचें जुन्या पुण्यावरील इंग्रजी पुस्तक १९२१ सालीं निघालें. छपाई व चित्रें मनोहर. पेशवाईंतील स्थळें व व्यक्ति यांची ओळख करून घेण्यास उत्तम. पण तें दरबारी पुण्याचें पुस्तक आहे. वाड्यांत कोण राहत असे तें त्यांत मिळेल; वाड्यास धान्य, सरपण व वैरण कोठून येई तें मिळणार नाहीं. याच्या उलट भारत इतिहास संशोधक मंडळानें १९४२ पासून काढलेले 'पुणें नगर संशोधन वृत्त' या नांवाचे खंड. यांत गोडी कमी, पण कस अधिक. पेठा, वाडे, देवळें व घराणीं यांविषयींचे कागद व टिपणें यांत आहेत, आणि विधानाखालीं आधार आहे. ज्यास पुण्यावर स्वतः एक ओळ लिहावयाची असेल त्यानें प्रथम येथें यावें. अडचण एवढीच कीं, हे खंड कोश नव्हेत. हवें तें सांपडण्यास सर्व चाळावे लागतात. चाळतां चाळतां जें अकल्पित हातीं लागतें तोच या श्रमाचा मोबदला होय.

अर्वाचीन पुण्यासाठीं धनंजयराव गाडगीळ यांनीं गोखले अर्थशास्त्रसंस्थेमार्फत केलेली शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी (भाग पहिला १९४५, दुसरा १९५२) हें साधन आहे. इतिहासाचे वाचक आंकड्यांचीं कोष्टकें पाहून तें खालीं ठेवतात. हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आजची पाहणी हाच उद्यांचा इतिहास. बाळकृष्ण गोविंद गोखले यांचा अठराव्या शतकांतील पुण्यावरील इंग्रजी ग्रंथ (१९८८) हा नगर म्हणून पुण्याचा विचार करणारा व्यवस्थित ग्रंथ आहे. पुण्यावरील एकच सलग ग्रंथ वाचावयाचा असें कोणी म्हटल्यास आम्ही हा सांगूं. पण त्यांतील टीपा वगळून वाचूं नये असेंहि सांगूं.

येथें ललितकृतींविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. घाशीराम कोतवाल १७९१ सालीं पुण्यांत लोकक्षोभास बळी पडला. त्याच्या नांवावर मोरोबा कान्होबा यांनीं १८६३ सालीं पुस्तक लिहिलें, आणि १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें. आज पुष्कळांचें घाशीरामाविषयींचें ज्ञान नाटकापुरतेंच असतें. नाटककारानें स्वतः तें ऐतिहासिक नाटक नव्हे असें म्हटलें असतां वाचकानेंच त्यावर इतिहासाचा भार घालावा, हा दोष नाटकाचा नव्हे. शाकुंतल वाचून हस्तिनापूरची जमाबंदी कोणी काढीत नाहीं. मग पुण्यासच निराळा न्याय कां?

या सर्व पुस्तकांत आम्हांस एक समान उणीव दिसते. बहुतेकांचें पुणें हडपसरास संपतें. नगर हें आपल्या भोंवतालच्या मुलखावर जगतें. त्या मुलखावांचून लिहिलेला नगराचा इतिहास हा मुळांवांचून केलेलें वृक्षाचें वर्णन होय. मुठेचें पाणी खडकवासल्यास अडवून उजव्या कालव्यानें भीमथडीकडे आणलें गेलें. तें वरवंडच्या तलावांतहि येतें. पाण्यावरून शहर व कालव्याखालचीं गांवें यांचा जो वाद दर उन्हाळ्यांत होतो, त्याचा इतिहास पुण्याच्या इतिहासाबाहेर कसा राहील? म्हणून पुण्यावरील पुस्तकांच्या यादींत शहराबाहेरचीं पुस्तकें घालावीं असा आमचा आग्रह आहे.

अशीं पुस्तकें आहेत. हॅरल्ड मॅन यांनीं दख्खनच्या खेड्यांतील जमीन व श्रम यांच्या दोन पाहण्या प्रसिद्ध केल्या. पहिली (१९१७) पिंपळे सौदागरची; दुसरी (१९२१), कानिटकर यांच्या सहकार्यानें केलेली, शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुकची. पहिलें गांव आज पिंपरी-चिंचवड नगरींत मिसळून गेलें आहे. जें शेत होतें तेथें आतां इमारती आहेत. शेताचा हिशोब मात्र मॅन यांच्या पुस्तकांत राहिला. खेड्याचें पुस्तक शहराच्या इतिहासाचें पुस्तक कसें होतें याला यापेक्षां चांगलें उदाहरण नाहीं.

दुसरें साधन दख्खनच्या दंग्यांच्या चौकशीमंडळाचा अहवाल. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डे येथें सावकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुपें येथें दंगा उसळला. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळावे हा त्यांचा हेतु. अहवालांत साक्षी, कर्जाचे दाखले व हिशोब आहेत. तो वाचतांनाहि सरकार स्वतःच्या जमाबंदीचा दोष कितपत कबूल करील हें ध्यानांत ठेवावें. पण कुणब्याचा शब्द जुन्या छापील कागदांत जेथें ऐकूं येतो अशा थोड्या ठिकाणांपैकीं हें एक आहे.

छापील पुस्तकांपलीकडे मूळ कागद. पुण्याचें पेशवे दफ्तर हें त्यांचें मोठें भांडार. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून निवडलेले वेंचे पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीं गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिशींतून काढलेले उतारेहि छापून निघाले होते. दोन्ही संग्रह मोलाचे. परंतु निवड ही निवड आहे. सरदेशांचा मुख्य ओढा राजकारणाकडे होता. त्या खंडांत आपल्या गांवाचें नांव नाहीं म्हणून दफ्तरांतहि तें नाहीं असें अनुमान काढणें हा हेत्वाभास होय. गांवच्या वसुलाचा माग काढणारानें दफ्तरांतील प्रांत अजमासासारखे हिशोबी रुमाल पाहावे. तेथें मोडी वाचावी लागते, व सुहूर सनाची ओळख असावी लागते. त्या सनांत पांचशें नव्याण्णव किंवा सहाशें मिळविले म्हणजे इसवी सन येतो; वर्ष मृगाच्या सुमारास पालटतें म्हणून हा एकाचा फरक. जुन्या महसुली शब्दांसाठीं मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ति १८५७) जवळ असावा. शहरी बातम्यांसाठीं १८४९ पासूनचा ज्ञानप्रकाश व १८८१ पासूनचा केसरी. आणि बसून वाचण्यास १८४८ सालीं स्थापन झालेलें पुणें नगर वाचन मंदिर. एवढी सामग्री ज्यानें हाताळली त्यास यादीची गरज उरत नाहीं.

पण सर्वांत जवळचें साधन सर्वांत आधीं नाश पावतें. स्मरणिकेच्या निमित्तानें मंडळी घरोघर हिंडली तेव्हां एका घरच्या माळ्यावर वाळवीनें अर्धें खाल्लेलें एक गांठोडें निघालें. आंत मोडी आहे, वाचतां येत नाहीं, म्हणून तें नदींत सोडावयाचें ठरलें होतें. आम्हीं उलगडून पाहिलें. त्यांत राजकारण नव्हतें, मोठें नांव नव्हतें. दोन कर्जरोखे, एक वाटणीपत्र, आणि ओळखूं न येणारे तुकडे. घरच्या वृद्ध गृहस्थांस वाईट वाटलें. सनद निघेल अशी त्यांची आशा होती. आम्हीं म्हटलें, "आबा, सनद पुष्कळांनीं जपली; रोखा कोण जपतो? सुपेंकरांनीं जो कागद जाळावयास हातांत मशाल घेतली तो कागद तुमच्या माळ्यावर राहिला आहे." ते कांहीं वेळ गप्प राहिले व मग गांठोडें त्यांनीं स्वतःच उचलून कपाटांत ठेविलें. दुसऱ्या दिवशीं त्या कागदांचें छायाचित्रण झालें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठा धुऊन निघाल्या. घराघरांतले किती कागद त्यांत गेले याची मोजदाद कोण करणार? पूर एका दिवसांत नेतो, वाळवी पन्नास वर्षांत नेते. फरक इतकाच कीं वाळवीस थांबवितां येतें.

यावरून आमचें सांगणें थोडक्यांत असें. उत्तम पुस्तक कोणतें असें विचारूं नये. आपला प्रश्न कोणता तें आधीं ठरवावें, आणि त्या प्रश्नास उत्तर देण्याचा अधिकार कोणत्या पुस्तकास आहे तें पाहावें. जें पुस्तक आपला आधार दाखवितें तें, चुकलें तरी, चांगलें. कारण त्याची चूक शोधतां येते. जें दाखवीत नाहीं त्याचें खरेंहि उसनें. यादी देणारानें प्रत्येक नांवापुढें दोन ओळी लिहाव्या : हें कशासाठीं वाचावें, आणि कशासाठीं वाचूं नये. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं जुनी यादी परत मागितली व अशी नवी लिहून दिली. ती पूर्वीच्यापेक्षां तोकडी आहे.

स्मरणिका निघाली. पानें पूर्वीं योजिलीं होतीं त्याच्या निम्मींच भरलीं, कारण ज्यास आधार मिळाला नाहीं तें मंडळीनें आपणहून गाळलें. शेवटच्या पानावर गांवांत कोणाकडे जुने कागद असल्यास ते टाकूं नयेत, दाखवावे, अशी विनंति आहे. एवढें एक पान जरी कामास आलें तरी श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.